व्हीसीआर बंद झाले, कपाटातल्या कॅसेटींचं काय?

निळीशाई (धागाकर्ती)

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय, आज लिहूनच टाकते.

जपानच्या फुनाई इलेक्ट्रिकनं जुलै २०१६ च्या अखेरीस व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र, बनवणं थांबवलं. तोवर बाकीच्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला होता. व्हीएचएस आणि बीटामॅक्स या कॅसेटींच्या दोन स्पर्धक पद्धती. त्यातल्या व्हीएचएसची जन्मदात्री जेव्हीसी २००८ मध्येच त्यातून बाहेर पडली होती आणि सोनीनं बीटामॅक्सच्या कॅसेटी त्याच २०१६ च्या मार्चमध्ये बंद केल्या. फुनाई ही शेवटची उरलेली. ऐन भरात वर्षाला दीड कोटी यंत्रं विकणारी कंपनी २०१५ साली साडेसात लाखांवर आली होती. आता साडेसात लाख गिऱ्हाइकं म्हणजे तशी थोडकी नव्हेत! पण गिऱ्हाइकं असून भागेना, कारण यंत्राचे सुटे भागच मिळेनात. मला यातलं सगळ्यात जास्त लागलं ते हेच. मागणी शिल्लक होती, आणि ती पुरवायला लागणारे छोटे छोटे कारखाने तिच्याआधीच मिटले होते. २०२४ च्या ऑक्टोबरात तर फुनाईच दिवाळखोरीत निघाली.

चाळिशीच्या आतल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटाची कॅसेट लहान आणि चित्र सरस, पण सुरुवातीला त्यात एकच तास मावायचा. व्हीएचएसमध्ये दोन. शिवाय जेव्हीसीचे शिझुओ ताकानो आणि त्यांच्या माणसांनी आपलं तंत्र मुठीत न ठेवता हिताची, शार्प, मित्सुबिशी, मात्सुशिता अशा इतर कंपन्यांनाही बनवू दिलं. पुढचा निकाल सगळ्यांना माहीत आहे. १९८८ मध्ये खुद्द सोनीसुद्धा व्हीएचएसची यंत्रं काढू लागली.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलं. वाहिनी एकच, शनिवार-रविवारच्या सिनेमासाठी आठवडाभर वाट बघायची. त्यात आखातातून कुणाचा तरी भाऊ, मेहुणा सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन यायचा. मग गल्लीगल्लीत व्हिडिओ लायब्ररी निघाल्या, लांब पल्ल्याच्या बसवर 'व्हिडिओ कोच' लिहिलेलं दिसू लागलं. १९८४ मध्ये चोरट्या कॅसेटींना आळा घालायला कॉपीराइट कायदासुद्धा बदलावा लागला. १९८८ पासून 'न्यूजट्रॅक'सारखं बातम्यांचं मासिक चक्क कॅसेटवर निघायचं आणि लोक ते भाड्यानं आणून बघायचे, कारण सरकारी बातम्यांपलीकडचं काही दिसण्याची ती एकच खिडकी होती.

आमच्या घरी अजून एक व्हीसीआर आहे. चालतो. शेजारी कॅसेटींचा ढीग आहे: लग्नं, मुंजी, सोसायटीचा गणपती, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. घरातले म्हणतात, काढून टाक. मला ते जमत नाही आणि जमू नये असंच मला वाटतं. जुन्या माध्यमांचा लोभ म्हणजे निव्वळ भावुकपणा, हे मला मान्य नाही. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कॅसेटी ठेवल्यात का? यंत्र चालू आहे का? मनमोकळं लिहा.

चाळकरी

छान धागा. वाचता वाचता आमची गिरगावातली चाळ डोळ्यासमोर आली.

आमच्याकडे व्हीसीआर विकत घेण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा कोजागिरीला वर्गणी काढून 'व्हिडिओ आणायचा'. म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. दुकानाचा पोऱ्या हातगाडीवरून सगळं घेऊन यायचा, वायरी जोडायचा, चॅनेल जुळवून द्यायचा. चौकात सतरंज्या टाकलेल्या. तीन सिनेमांपैकी एक थोरांसाठी पौराणिक नाहीतर कौटुंबिक, एक मारामारीचा, आणि तिसरा कुठला यावर आठवडाभर आधी भांडणं. पहाटे तिसरा लागेपर्यंत निम्मी चाळ आडवी झालेली असायची, पण पैसे भरलेत म्हणून कुणी बंद करू द्यायचं नाही.

मध्येच चित्र फाटायचं, पडद्यावर मुंग्या यायच्या. मग ट्रॅकिंगची चकती हळूहळू फिरवायची. हे काम आमच्या माळ्यावरचे एक काका करायचे, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. चित्र स्थिर झालं की अख्ख्या चौकातून 'आलं, आलं' असा आवाज उठायचा.

पुढे केबलवाला आला. सुरुवातीला तोही काय करायचा, तर स्वतःच्या खोलीत व्हीसीआर लावून त्याची वायर सगळ्या इमारतींवरून फिरवायचा. दुपारी एक, रात्री एक सिनेमा. चौकात जमणं तिथेच संपलं.

रोकठोक

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा.

त्यातले जवळजवळ सगळे सिनेमे आज मोबाइलवर मिळतात आणि कितीतरी स्वच्छ दिसतात. व्हीएचएसचं चित्र मुळात धूसरच, उभ्या-आडव्या बारकाव्यांना मर्यादा होती. आठवण चौकात जमण्याची आहे, माणसांची आहे. ती त्या काळ्या डब्याला चिकटवून डब्यालाच जपत बसायचं का? मुंबईत दोन खोल्यांच्या घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही. वडील गेल्यावर मी त्यांचा व्हीसीआर आणि ट्रंकभर कॅसेटी भंगारात दिल्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वडिलांची आठवण त्यावाचून अडलेली नाही.

हेडक्लिनर

मी टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीच्या धंद्यात उमेदीची वर्षं काढली. दुकान आता मोबाइलचं आहे, पण ओळखीतून अजून एखादा व्हीसीआर येतो. धागाकर्तीनं सुट्या भागांचं लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. जरा सविस्तर सांगतो.

व्हीसीआरचं झाकण काढलं की मधोमध किंचित कललेला चकचकीत ड्रम दिसतो. व्यास ६२ मिलिमीटर. आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीच्या यंत्रात तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. टेपवर चित्र लिहिणारी-वाचणारी हेड त्याच्या कडेला बसवलेली असतात, इतकी बारीक की भिंग लावून बघावी लागतात. कॅसेट आत गेली की दोन खुंट्या पुढे येतात, टेपला बाहेर ओढतात आणि ड्रमभोवती अर्ध्याहून थोडा जास्त वेढा देतात. झाकण उघडं ठेवून हे एकदा बघाच, बघत राहावंसं वाटतं. टेप स्वतः सेकंदाला अडीच सेंटीमीटरसुद्धा सरकत नाही. पण ड्रम गरगर फिरत असल्यामुळे हेड तिच्यावर सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगानं तिरके पट्टे ओढत जातं. एकेक पट्टा सुमारे ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहून बारीक, आणि असे सेकंदाला ५० पट्टे. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या आसपास टेप असते, ती सगळी अशी तिरक्या रेघांनी भरलेली. चाळकरी, तुमचे काका चकती फिरवून हेडला नेमकं त्या रेघेवर आणून बसवत होते.

आता कळीचा मुद्दा. रेकॉर्ड प्लेयर पुन्हा आला, अमेरिकेत तर २०२२ मध्ये एलपी रेकॉर्डी सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या. मग व्हीसीआर का येत नाही, असं मला पोरं विचारतात. रेकॉर्ड प्लेयरमध्ये मोटर, तबकडी आणि सुई. चांगला कारागीर छोट्या शेडमध्येही बनवेल. व्हीसीआरचा हेड ड्रम तसा होत नाही. त्याला लागणारी अचूकता लाखोंनी माल निघत होता तेव्हाच परवडत होती. आज नवा ड्रम कुणी बनवत नाही. आम्ही एकाचा काढून दुसऱ्याला लावतो, म्हणजे एक यंत्र जगवायला दुसरं मारतो. रबराचे बेल्ट अजून मिळतात, टेप पुढे ओढणारा पिंच रोलर शोधून मिळतो. हेड झिजलं की खेळ खलास.

रोकठोक, तुमच्या ट्रंकेतलं जाऊ दे. पण ज्यांच्याकडे चालू यंत्र आहे त्यांनी ते भंगारात देऊ नका एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. नको असेल तर दुरुस्तीवाल्याला द्या.

निळीशाई

हेडक्लिनर दादा, इतकं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

रोकठोक, राग कशाला? तुमचा मुद्दा सिनेमांपुरता मलाही पटतो. भाड्याच्या सिनेमाची कॅसेट मी जपत नाही. पण सहस्रचंद्रदर्शनाच्या कॅसेटमध्ये माझी आजी ओवी म्हणते. जात्यावरची, तिच्या माहेरच्या गावची. तिचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नाही, आणि ती ओवी मला आजवर कुठल्याही संग्रहात छापलेली सापडली नाही. ती कुठल्या मोबाइलवर मिळणार? हौशी मंडळांची नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, तेव्हाचे मिरवणुकीचे रस्ते, तेव्हाच्या दुकानांच्या पाट्या, हे सगळं फक्त लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी टिपलं. इतिहास लिहिणारे या कॅसेटींकडे अजून वळलेलेच नाहीत.

फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स बाईंबद्दल वाचलंय का कुणी? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये जाईपर्यंत त्या घरी अनेक यंत्रं लावून टीव्हीवरच्या बातम्या चोवीस तास मुद्रित करत राहिल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी. वाहिन्यांनी स्वतःचं प्रक्षेपण सगळं जपलेलं नसतं, म्हणून आज तो साठा मोलाचा ठरतोय आणि इंटरनेट अर्काइव्हकडे सुपूर्द झालाय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं घरी कार्यक्रम मुद्रित करून नंतर बघणं कायदेशीर ठरवलं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? व्हीसीआरनं सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा 'थांब' आणि 'पुन्हा दाखव' ही बटणं दिली. मला त्या यंत्राबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितोय. आमची अडचण निराळीच.

भारतातून बहिणीच्या लग्नाची कॅसेट पोस्टानं आली. आम्हाला लग्नाला जाता आलं नव्हतं, त्यामुळे घरात केवढा उत्साह. लावली तर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वर-खाली. इकडची टीव्ही-पद्धत एनटीएससी, ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे अर्धी अर्धी चित्रं. तिकडे पाल, ६२५ रेषा आणि ५०. कॅसेट दिसायला तीच, बसते तीच, पण चित्र येत नाही. मग मल्टिसिस्टम व्हीसीआर असलेलं मराठी कुटुंब शोधायचं. मंडळाच्या गणपतीत ओळखी व्हायच्या त्या अशा. ज्यांच्याकडे ते यंत्र होतं त्यांच्या घरी शनिवारी आठ-दहा जण आपापल्या कॅसेटी घेऊन बसलेले असायचे. एकाची मुंज, दुसऱ्याच्या आईची साठी, आणि सगळेच सगळ्यांचं बघायचे. परक्याच्या आईला साठीला ओवाळताना बघून रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

इथल्यांना एक सूचना. बरेच जण तेव्हा दुकानात जाऊन पालची एनटीएससी प्रत करून घ्यायचे आणि आज डिजिटल करायला तीच प्रत काढतात. तसं करू नका. ती प्रतीची प्रत आहे, रंग आणि बारकावे दोन्ही उडालेले असतात. भारतात भावाकडे, मामाकडे मूळ कॅसेट असेल तर ती शोधा आणि भारतातच डिजिटल करून घ्या.

माडाचीबाग

मी रत्नागिरीजवळ राहते. धागा वाचून माळ्यावरची पेटी उतरवली. नवऱ्याच्या वडिलांनी दशावतारी नाटकं आणि गावच्या जत्रा स्वतः कॅमेऱ्यानं टिपल्या होत्या. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी. एक लावून बघू का? आमच्याकडे एक व्हीसीपी (फक्त कॅसेट दाखवणारं, मुद्रण न करणारं यंत्र) पडून आहे. पूर्वी दहा रुपयांची कोरी नोट आत फिरवून हेड साफ करायचे, तसं करून चालेल का?

हेडक्लिनर

ताई, थांबा! लावू नका. नोटही नको.

बुरशीची टेप एकदा चालली की बुरशी ड्रमवर, रोलरवर, सगळ्या वाटेवर पसरते. त्यानंतर त्या यंत्रात घातलेली चांगली कॅसेटही बाधते. शिवाय बुरशीनं वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, जोर लागला की टेप तुटते नाहीतर तिच्यावरचा थर सोलून निघतो. आणि तो थर म्हणजेच चित्र.

असं करा. आधी कॅसेटी वाळू द्या. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून काही आठवडे ठेवा. उन्हात मुळीच नको. त्या कोरड्या झाल्या की बुरशी भुकटीसारखी होते. मग मास्क लावून, घराबाहेर, एक कॅसेट उघडायची. उलटी करा, पाच स्क्रू आहेत. ते काढून पुन्हा सुलटी करा, वरचं झाकण अलगद उचला. आत दोन चकऱ्या दिसतील, पुढच्या बाजूला टेपची वाट, दोन छोटे खांब आणि रोलर. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण एक बारीक स्प्रिंग उडाली तर ती कुठे होती ते आठवत नाही. चकरीची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं हलकेच पुसायची. टेपच्या चकाकत्या भागाला बोट लावायचं नाही. कवच फार खराब असेल तर चकऱ्या उचलून दुसऱ्या चांगल्या रिकाम्या कवचात बसवता येतात. त्यासाठीच नको असलेल्या सिनेमाच्या कॅसेटी मी फेकू देत नाही.

त्यानंतरही आधी ती जुन्या, गेली तरी चालेल अशा यंत्रावर फक्त पुढे-मागे गुंडाळून घ्यायची. कापूस गुंडाळलेल्या काड्या हेडवर कधीही वापरू नका, धागे अडकून हेडचा तुकडा उडतो. शॅमॉय कातड्याची काडी मिळते, ती आडवी धरून ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही.

आणि दशावताराचं शूटिंग असेल तर पहिला प्रयोग त्यावर करू नका. पेटीतली सगळ्यात कमी महत्त्वाची कॅसेट आधी घ्या.

अंतूबर्वे-नव्हे

अवांतर: २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा मी मुद्दाम तार ऑफिसात जाऊन शेवटची तार केली होती, रांग रस्त्यापर्यंत होती. गोदरेजचे टाइपरायटर आपल्या शिरवळला बनायचे, तेही त्याच्या थोडं आधी थांबले. पण त्यात एक फरक मला जाणवतो. टाइपरायटर गेला तरी त्यावर टंकलेला कागद वाचता येतो. तार गेली तरी आलेली तार वाचता येते. कॅसेटचं तसं नाही, यंत्रावाचून ती आंधळी आणि मुकी.

दस्तऐवज

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत, माझं काम याच क्षेत्रातलं आहे म्हणून थोडं लिहितो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय टेपा डिजिटल होणार नाहीत त्यांतल्या बहुतेक कायमच्या जातील. पुढे युनेस्कोनंही तशीच हाक दिली. कारणं तीनच: टेप खराब होते, यंत्रं मिळत नाहीत, आणि हेडक्लिनर यांच्यासारखी हातात कसब असलेली माणसं निवृत्त होतात. तिसऱ्या कारणाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण त्यांचं काम सिनेमाचं. घरगुती कॅसेटींना आपल्याकडे कुणी वाली नाही. आपणच वाली. आणि एकाच जागी ठेवलेली गोष्ट किती असुरक्षित असते ते जानेवारी २००३ च्या आगीनं पुण्यानं पाहिलंय, जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या त्या गेल्याच. म्हणून फाइल दोन निरनिराळ्या डिस्कवर, आणि त्या दोन निरनिराळ्या घरांत.

घरी करणार असाल तर चांगल्यातला चांगला व्हीसीआर मिळवा, शक्य असेल तर एस-व्हिडिओ जोडणीचा. चित्र थरथरत असेल तर टाइम बेस करेक्टर लागतो, महाग आहे, तिथे व्यावसायिक स्टुडिओकडे जाणं बरं. मूळ फाइल भरपूर मोठी ठेवा. डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी लागतात, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला छोटी प्रत वेगळी काढा, पण तीच एकमेव ठेवू नका. चित्र 'सुधारून' देतो म्हणणाऱ्यांना मूळ फाइल तशीच्या तशी आधी मागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती फाइल एकदा पूर्ण बघा. कोण कोण दिसतंय, गाव कुठलं, साल कुठलं, कोण गातंय, हे लिहून फाइलबरोबर ठेवा. निळीशाई, तुमच्या आजीची ओवी शब्दांसकट उतरवून घ्या. चित्र वाचलं आणि माणसं अनोळखी झाली, असं संग्रहांमध्ये रोज बघतो मी.

रोकठोक

दस्तऐवज यांचं पटलं. माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो: फाइल झाली की कॅसेट आणि यंत्र दोन्ही काढून टाकायला हरकत नसावी. जपायचं ते आतलं.

दस्तऐवज

यंत्राबद्दल तुमचं बरोबर, ते हेडक्लिनर यांच्यासारख्यांकडे जाऊ द्या. कॅसेटबद्दल मात्र नाही. फाइल बिघडते, डिस्क बसते, आणि उद्या यापेक्षा चांगल्या रीतीनं टेप वाचण्याची पद्धत येऊ शकते. आजही काही हौशी तंत्रज्ञ थेट हेडकडून येणारा कच्चा संकेत साठवून नंतर संगणकावर चित्र उभं करतात. मूळ टेप असेल तरच ते शक्य आहे. जागेची अडचण मान्य, पण सिनेमाच्या सोडून घरगुती कॅसेटी एका खोक्यात मावतात. उभ्या ठेवा, पूर्ण गुंडाळून, कोरड्या जागी, आणि मागची प्लास्टिकची पट्टी तोडून टाका म्हणजे चुकून त्यावर मालिका मुद्रित व्हायची नाही.

माडाचीबाग

सगळ्यांचे आभार. सिलिका जेल आजच मागवलं. सासूबाईंना विचारलं तर दशावतारातल्या निम्म्या कलाकारांची नावं त्यांनी तिथल्या तिथे सांगितली, वहीत उतरवून घेतली आहेत. हेडक्लिनर दादा, वाळल्यावर कॅसेटी घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल का? इथे कुणी करणारं नाही.

हेडक्लिनर

अवश्य या. फक्त पावसाच्या आधी, त्या हवेत मी बुरशीची टेप उघडत नाही. निरोप पाठवा, पत्ता कळवतो. येताना तो पडून असलेला व्हीसीपीही घेऊन या, ड्रम चांगला निघाला तर तुमच्याच कॅसेटींना वापरू. आणि निळीशाई ताई, तुमचं यंत्र चालू आहे म्हणालात, पण महिन्यातून एकदा अर्धा तास तरी चालवत जा. नुसतं ठेवलं की बेल्ट एकाच जागी वाकून बसतात.